मी एकाच उशीवर झोपते

सोमवार

सगळ्यात आधी टपकली ती धाकटी जाऊ. मला वाटलंच होतं. सकाळी माझ्या हातून दुधाचं पातेलं सुटलं आणि फरशी पुसून होतेय न होतेय तोवर ही दारात. कुठून कळतं हिला? सून म्हणते, "आई, तुम्हीच फोनवर सांगितलंत." असेल. पण मी पातेल्याचं सांगितलं होतं, हाताचं नव्हतं सांगितलं. हात तिनं स्वतःहून काढला.

"जाऊबाई, डावा ना? खांद्यापासून खाली बोटापर्यंत? मग ते हृदयच!" असं म्हणून खुर्ची ओढून बसली आणि बशीतली बिस्किटं संपवायला लागली. हृदयाची बातमी सांगताना माणसानं जरा कमी खावं.

मागोमाग वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई उतरल्या. शाळा सुटून त्यांना कितीतरी वर्षं झाली, पण दुसऱ्याचं चुकलेलं बरोबर करायची सवय काही सुटली नाही. "हृदय कसलं? खांद्याचा सांधा आखडलाय. या वयात आखडतो. माझाही आखडला होता, हे बघा, आता कसा वर जातो!" असं म्हणून हात जो फेकला तो थेट दिव्याला. दिवा अजून थोडा वाकडाच लोंबतोय.

"तुमचा उजवा होता," जाऊ म्हणाली.

"खांदा तो खांदा."

"वा! मग काळीज दोन्हीकडे असतं का?"

दोघींचं असं जुंपलं की जिचा खांदा तिला कुणी विचारेना. तेवढ्यात नात आली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी बसत नाही म्हणून. कॉलेजात गेली तरी नाव तेच. तिनं फोनमध्ये बघून ढीगभर कारणं वाचून दाखवली. मान, सांधा, स्नायू, हृदय, शेवटी पित्ताशयसुद्धा निघालं. "पण ते उजव्या खांद्याला दुखतं, आजी," ती म्हणाली. जाऊ म्हणाली, "मग उजवा दुखायला लागला की बघू."

हसलो सगळे. सून मात्र हसली नाही. तिनं शिवणाचं मशीन झाकलं, चप्पल घातली आणि म्हणाली, "कारण काही का असेना, हृदयाचं नाव निघालंय ना, मग आधी दवाखाना. वाद आल्यावर घाला." शहाणी आहे ती. तिच्या तोंडावर नाही म्हणायची मी, पण आहे.

तिथं छातीला चिमटे लावून पट्टी काढली, रक्त घेतलं, बराच वेळ झोपवून ठेवलं. तरुण डॉक्टर होता, मिशी नुकतीच फुटलेली. म्हणाला, "आजी, हृदय ठीक आहे. पण आलात ते बरं केलंत, घरी बसून अंदाज बांधू नये." गुरुवारी हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं.

जाऊला कळवलं तर म्हणाली, "बरं झालं बाई." पण आवाज जरा उतरला होता.

ही वही भिंगरीनंच दिली. "कुठे दुखतं, कधी दुखतं ते रोज लिही, डॉक्टरांना सांगताना गोंधळ व्हायचा नाही." मी जेमतेम चौथीपर्यंत शिकलेली. पण दुखणं लिहायला एक ओळ पुरते. उरलेल्या कागदाचं काय करायचं? म्हणून हे.

मंगळवार

दुखणं: खांद्याच्या मागून निघतं, दंडाच्या बाहेरून खाली उतरतं आणि अंगठ्यात जाऊन मुंग्या होतं. सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, म्हणून मी घरभर हात डोक्यावर ठेवून फिरते. मुलगा म्हणाला, "आई, पोलिसांनी पकडलंय का तुला?"

झालं लिहून. आता दुसरं.

भिंगरी विचारत होती, दुखणं कधीपासून. मी आठवून सांगितलं, नवी उशी आली त्याच्यानंतर थोड्या दिवसांनी. म्हणजे बघा, नशीब! उशी आली नसती तर हे किती वाढलं असतं!

उशीचं सांगायलाच हवं. आमचं घर गाद्यांचं. पुढची खोली म्हणजे कारखाना. तिथं कापूस, लोकर, दाभणं, खोळी आणि शेजारी उभं राहायलाही जागा उरू नये एवढं टेबल. आमचे हे होते तोवर ते बसायचे तिथं, आता मुलगा बसतो, मशीनवर सून. पण लोक आता गादी दुकानातून गुंडाळलेली आणतात, ती घरी आल्यावर फुगते म्हणे. फुगू दे. मुलाकडचं काम कमी कमी होत गेलं. मग त्यानं डोकं चालवून एक उशी काढली. कडेला भरदार, मध्ये डोक्यापुरता खळगा, आत लोकर आणि कापूस असे थर, बाहेरून निळी खोळ आणि तिला पांढरा गोट. इतकी देखणी की तिच्यावर डोकं ठेवायला संकोच वाटावा.

ती पाहायला स्टेशनाजवळच्या हॉटेलची मालकीण आली होती. तिच्याकडे खोल्याच खोल्या, आणि उतरलेले लोक सकाळी मान धरून खाली येतात. बाई तिखट आहे. उशी दाबून पाहिली, वास घेतला, आणि म्हणाली, "नमुना काय, सगळेच चांगला दाखवतात. तुमच्या आईंना झोपवा हिच्यावर महिना-दीड महिना. मी येऊन त्यांनाच विचारीन. म्हाताऱ्या माणसाची मान खोटं बोलत नाही."

म्हणजे सगळं माझ्या मानेवर आलं! आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं मत विचारणार, तेही झोपेबद्दल. मी म्हटलं, झोपीन की. त्यात काय, मला झोपेचा अनुभव दांडगा.

मुलानं निळ्या कापडाचं अख्खं ठाण आणून ठेवलंय. कात्री लावलेली नाही अजून. बाई हो म्हणाल्या की मगच.

जुन्या उशीचं काय करायचं यावरून थोडं झालं तेव्हा. ती आमच्या ह्यांनी संसाराच्या सुरुवातीला शिवलेली. आकारानं लहान, पण अशी ठासून भरलेली की वीट. आजतागायत दबली नाही. त्यांचा स्वभावही तसाच. सून म्हणाली, "कपाटात जपून ठेवू." मी हो म्हटलं. पण आमच्या ह्यांना अंधाराचा भारी तिटकारा, त्यांना काय कपाटात कोंडायचं? चादरीखाली सरकवली गुपचूप, आणि तिच्यावर मुलाची नवी. बापलेक एका जागी. अंथरूण माझं मीच घालते आणि मीच आवरते, त्यामुळे कुणाला पत्ता नाही.

बुधवार

दुखणं: तेच. जास्तच.

कोपऱ्यावरचा सलूनवाला मुलाकडे खुर्चीची गादी बदलायला आला होता. मला डोक्यावर हात ठेवून बसलेली पाहून म्हणाला, "आजी, मान आहे ती. मी एक झटका देतो, कट्कन आवाज येईल, मोकळ्या व्हाल. रोज देतो मी गिऱ्हाइकांना, दाढीबरोबर."

मी मान पुढे केलीसुद्धा होती. पण भिंगरी मध्ये पडली. "हात लावायचा नाही! उद्या डॉक्टर बघणार आहेत."

"अगं, फुकट देतो."

"फुकट म्हणूनच नको."

बिचारा गादी घेऊन गेला. मास्तरीणबाईंना हे कळलं, तर त्यांनी वरच्या खिडकीतून त्याला अर्धा तास मणक्यांचा धडा दिला. तो खाली उभा राहून "हो बाई, हो बाई" करत होता. शाळेत त्यांच्याच वर्गात होता ना.

गुरुवार

हाडांच्या डॉक्टरीणबाई मला फार आवडल्या. गोड बोलतात आणि घाई करत नाहीत. हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, त्यांचं बोट दाबायला लावलं. हात सगळीकडे जात होता. "खांदा छान आहे तुमचा," म्हणाल्या. मग मान डावीकडे वळवून जरा मागे कलवली आणि डोक्यावर हलकासा भार दिला, तर खांद्यापासून अंगठ्यापर्यंत अशी वीज गेली की मी त्यांना "अगं बाई गं!" म्हणाले. नंतर माफी मागितली.

"इथं आहे बघा," त्या म्हणाल्या. "हातात जाणाऱ्या नसा मानेतून निघतात. त्यातली एक तिथं दाबली जातेय. दुखतंय हातात, पण उगम मानेत."

मला लगेच कळलं. गादीला टाके घालताना दोरा एका टोकाला जास्त ओढला की चुणी पडते दुसऱ्याच टोकाला. नवखा माणूस चुणी चेपत बसतो. मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगदी असंच. मी आता सगळ्यांना हेच सांगणार." मी मुलाकडे पाहिलं, त्यानं ऐकलं की नाही ते.

मग विचारपूस. जड उचलता का? नाही. वाकून शिवता का? आता नाही. फोन कसा धरता? मी म्हटलं, हातात. भिंगरी म्हणाली, "खोटं! खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून धरते आणि भाजी चिरते. धाकट्या आजीशी बोलताना भाजी संपते, फोन संपत नाही." घरचीच माणसं अशी उलटतात.

"आणि झोपताना उशा किती घेता?"

"एकच!" मी ताठ बसून सांगितलं. मग मुलाच्या उशीचं सगळं सांगितलं, खळगा, थर, गोट, हॉटेलवाली, सगळं. बाई ऐकत होत्या. त्यांनी मुलाला विचारलं, "उंच आहे का?" त्यानं हातानं दाखवलं.

"एवढी काही उंच म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण प्रत्येकाची मान वेगळी. सकाळी जास्त दुखतंय, आणि उशी आल्यावर सुरू झालं म्हणता, तेव्हा ती थोडे दिवस बदलून बघा."

गोळ्या दिल्या, हनुवटी आत घेण्याचा एक व्यायाम दिला, रात्री डावा हात लोंबू द्यायचा नाही, त्याच्याखाली छोटी उशी घ्यायची म्हणाल्या. आणि हाताची ताकद कमी वाटली तर लगेच यायचं, छातीत दडपलं किंवा घाम फुटला तर माझ्याकडे नाही, थेट मोठ्या दवाखान्यात. मी सगळं पाठ म्हणून दाखवलं.

बसमध्ये मुलगा सारखा खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं भूक लागली असेल. उतरल्यावर केळी घेतली, तीही त्यानं खाल्ली नाहीत.

शुक्रवार

दुखणं: तेच.

उशी काही मी बदलली नाही. मालकीणबाईंना शब्द दिलाय, त्या विचारायला येणार, आणि मी मध्येच दुसऱ्या उशीवर झोपू? ते बरोबर नाही.

आज मुलानं स्वतः येऊन ती उशी मागून नेली. टेबलावर ठेवून एका बाजूनं उसवली आणि मूठ-मूठ लोकर काढायला लागला. मी म्हटलं, "बाळा, इतकी छान भरलीय, कशाला उगाच?" म्हणाला, "असू दे गं." हाताला काम लागतं त्याला, बापासारखंच. बसला की काहीतरी उसवतो.

जाऊचा फोन. तिला मानेचं सांगितलं. म्हणाली, "मान? मानेचं कुणाला काय वाटणार? मी सगळीकडे हृदय सांगून बसले." आता हळूहळू सगळ्यांना मान सांगणार आहे म्हणे.

शनिवार

दुखणं: रात्री जरा हलकं. सकाळी मुंग्या होत्या, पण वीज नाही.

मुलानं उठल्या उठल्या विचारलं, "कसं वाटतंय?" मी आनंदानं म्हटलं, "बरं वाटतंय रे!" तर त्याचं तोंड पडलं. बरं वाटतंय म्हटल्यावर माणसाचं तोंड पडतं हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

सून ठाणाच्या कापडावर जुनी चादर टाकत होती. धूळ बसेल म्हणाली. कालपर्यंत नव्हती बसत.

रविवार

आज जेवताना कळलं मला काय चाललंय ते. सगळ्यात शेवटी मलाच कळतं या घरात.

मुलगा म्हणाला, "उद्या मालकीणबाईंना फोन करून नाही सांगतो. उशी जमली नाही."

मी म्हटलं, "का जमली नाही? मी झोपतेय ना!"

"आई, त्या उशीमुळेच तुझा हात दुखतोय. थोडी लोकर काढली तर लगेच कमी झालं, पाहिलंस ना? ज्या उशीनं माझ्या आईचा हात धरला, ती मी परक्या माणसाच्या डोक्याखाली देऊ?"

मग मात्र मला असा राग आला की हातातला घास ताटात ठेवला. त्या उशीचा काय दोष? तिच्यावर पहिल्यांदा डोकं ठेवलं तेव्हा डोळा लागला तो थेट उजाडेपर्यंत. मी म्हटलं, "तू कुणाला काही सांगू नकोस. त्यांनी मला विचारायचं ठरलंय, तुला नाही. मी सांगेन, हात ठणठणीत आहे."

"तू खोटं बोललीस की नाक खाजवतेस."

"मी? कधी?"

"आत्ता खाजवलंस."

सून हसू दाबत पाणी आणायला उठली. पण मुलगा हसला नाही. वाटीतली आमटी तशीच ठेवून पुढच्या खोलीत जाऊन बसला. दिवा न लावता. आमचे हे कधी तसे बसत नसत.

मला बाकी कळत नाही, पण एवढं कळतं. या पोरानं आजवर दुसऱ्यानं सांगितलेलं काम केलं. सोफा आणला, शिवून दिला. गादी आणली, भरून दिली. ही उशी म्हणजे त्याच्या डोक्यातून निघालेली पहिली गोष्ट. ही गेली तर तो दुसरी काढायचा नाही. मी त्याची आई आहे, मला माहीत आहे.

सोमवार

मुलाचा फोन सापडत नाही. सगळं घर शोधलं. सूनही शोधतेय, भिंगरीही शोधतेय. मीसुद्धा शोधतेय, एका हातानं.

दुखणं: ठीक.

मंगळवार

आज आनंदानं भराभर लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

दुपारी मालकीणबाई आल्याच! ठरलेल्या दिवसाच्या आधी, न सांगता. बरोबर त्यांचे यजमान. ते रात्रभर हॉटेलच्या पुढच्या टेबलाशी जागे बसतात, त्यामुळे दिवसा माणूस अर्धाच असतो. डोळे कुठेतरी, पाय कुठेतरी.

"कालपासून फोन करतेय, उचलत का नाही?" बाई मुलावर कडाडल्या. "हरवलाय," तो म्हणाला. "हरवलेला वाजतो कसा? हे बघा, आत्ता परत लावते." आणि त्यांनी नंबर लावला. मशीन नेमकं बंद होतं.

लोकरीचं पोतं वाजायला लागलं.

सगळ्यांनी पोत्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी नाक खाजवत होते म्हणे.

मुलानं पोत्यात हात घालून फोन काढला, लोकर झटकली आणि शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्हाला सांगायचंच होतं. उशी जमली नाही. आईचा हात दुखायला लागला. डॉक्टर म्हणाल्या, मानेमुळे."

मी मध्ये पडले. "हात पातेल्यानं दुखतो! फोननं दुखतो! उशी गुणी आहे!"

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावर ठेवलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आजी, तुम्ही झोपता कुठे, ते दाखवा. खोलीत गेल्याशिवाय मला कुठल्याच तक्रारीतलं काही कळत नाही."

सगळी वरात माझ्या खोलीत. अंथरूण घातलेलंच होतं, दुपारी पडले होते ना जरा. बाई म्हणाल्या, "झोपा. रोज झोपता तशा." मी झोपले. त्या बाजूनं वाकून पाहायला लागल्या, भिंगरीनं फोनमध्ये फोटो काढला. मग भिंगरीला म्हणाल्या, "तुझ्या आजीची हनुवटी छातीला टेकलीय. या उशीनं इतकी मान वर जायची नाही." आणि त्यांनी हात घातला चादरीखाली.

"आजी, हे खाली कोण झोपलंय?"

मी म्हटलं, "ते होय? ते आमचे हे."

मालकीणबाईंनी हात पटकन मागे घेतला. मी म्हटलं, "म्हणजे त्यांची उशी हो. त्यांनी शिवलेली. तिला कपाटात ठेवायचं माझ्या जिवावर आलं."

"आई," सून म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं, उशा किती, तर तुम्ही एकच म्हणालात!"

"मग एकच तर आहे! ही कुठे उशी आहे?"

मुलानं चादर उचलली. बापाची उशी बाहेर काढली आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मला वाटलं आता ओरडणार. तर तो हसायला लागला. असा हसला की खाली बसला, पलंगाच्या कडेला, आणि मग डोळे पुसायला लागला. "आई गं," एवढंच म्हणत होता, "आई गं." सून पदरात तोंड घालून हसत होती. भिंगरी तर जमिनीवर. मीही हसले, पण मला अजून पूर्ण कळलं नव्हतं. मग भिंगरीनं मला नुसत्या नव्या उशीवर झोपवलं, परत फोटो काढला आणि आधीचा आणि आत्ताचा शेजारी शेजारी दाखवला. आधीच्यात मी पलंगावर झोपून स्वतःच्या पोटाकडे रागानं बघतेय अशी दिसत होते.

बापलेकांना एकावर एक ठेवून मान माझी मोडत होती.

"आता उशीचा खरा निकाल कसा लावायचा?" मालकीणबाई म्हणाल्या. "तुमची परीक्षाच चुकीची झाली." मग त्यांनी मागे वळून पाहिलं. "आणि आमचे कुठे गेले?"

यजमान पुढच्या खोलीत होते. टेबलावर दुसरा नमुना पडला होता, तो डोक्याखाली घेऊन कापसाच्या गठ्ठ्यांवर आडवे झालेले आणि घोरत होते. मालकीणबाईंनी पुढे होऊन त्यांचा लोंबता हात अलगद गठ्ठ्यावर ठेवला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "हा माणूस दिवसा झोपत नाही हो. कूस बदलत पडून राहतो. झोपू द्या जरा."

आम्ही चहा केला, कप न वाजवता. ते उठले तेव्हा उन्हं उतरली होती. उशीला थोपटून म्हणाले, "हीच." तेवढा एकच शब्द बोलले दिवसभरात.

"झोपलेल्या माणसाचं मत मी धरत नाही," बाई म्हणाल्या. "आजींचंच धरणार. आजपासून फक्त एका उशीवर. काढलेली लोकर परत भरा. तीन आठवड्यांनी येते."

शनिवार

डॉक्टरीणबाईंनी हाताखाली छोटी उशी घ्यायला सांगितली होती, ते या गडबडीत राहूनच गेलं होतं. आता घेते. कुठली ते काय लिहायचं! आकारानं लहान, टणक, अगदी कोपरापासून मनगटापर्यंत पुरते. डोकं मुलावर, हात त्यांच्या अंगावर. पूर्वीही असाच असायचा.

दुखणं: आहे, पण वीज गेली. गोळ्या चालू. व्यायाम करते. हनुवटी आत घेतली की भिंगरी म्हणते, "आजी, तू बदकासारखी दिसतेस." दिसू दे.

गुरुवार

परत डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्यांना दोन उशांचं सांगितलं तर त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला आणि हसल्या. म्हणाल्या, "आता मी किती उशा असं विचारणारच नाही. डोक्याखाली काय काय आहे ते सगळं सांगा, असं विचारीन." हाताची ताकद चांगली आहे. मान वयाप्रमाणे आहे. म्हणजे जुनी.

फोन हातात धरते. जाऊ म्हणते, हल्ली तुम्ही लवकर ठेवता.

रविवार

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही. दुखणं लिहायचं म्हणून वही होती, आणि दुखणं राहिलं नाही. अंगठ्यात कधीतरी एखादी मुंगी चालते, तिला चालू दे.

पण आज लिहायलाच हवं. मालकीणबाई आणि यजमान आले. मी कुणाला हात लावू दिला नाही. चहाचा ट्रे डाव्या हातानं उचलला, दोन कप, साखरेचं भांडं, बिस्किटं, आणि सरळ त्यांच्यापुढे नेऊन धरला. धाकटी जाऊ मुद्दाम आली होती बघायला. मास्तरीणबाई जिन्यावर. मुलगा दाराला टेकून उभा, तोंड असं की कुणी पाहू नये.

"आजी," मालकीणबाई म्हणाल्या, "कशी आहे उशी?"

मी इतके दिवस उत्तर ठरवत होते. खळग्याचं सांगायचं, थरांचं सांगायचं. आयत्या वेळी काहीच आठवलं नाही. म्हटलं, "बाई, ती आहे हे कळतच नाही."

त्यांनी मुलाकडे वळून पाहिलं. "सगळ्या खोल्यांना."

मुलगा मान डोलावून ठाणाकडे गेला. ठाणावरची चादर सर्रकन ओढल्याचा आवाज मी ऐकला.

यजमानांनी घसा साफ केला आणि मला विचारलं, "आणि ती दुसरी? तुमच्या ह्यांची? ती बघू का?"

मी आणून दिली. त्यांनी ती हाताखाली घेतली, कोपर टेकवलं, बोटं पसरली. रात्रभर टेबलाशी बसून त्यांचाही हात अवघडतो म्हणे. डोळे मिटून म्हणाले, "हीपण."

"हीपण काय?" मालकीणबाई म्हणाल्या.

"जोडी. एक डोक्याला, एक हाताला. प्रत्येक पलंगावर."

सून म्हणाली, "पण ती आत कशी भरलीय ते उसवल्याशिवाय कळायचं नाही."

"उसवायची नाही!" मी आणि मुलगा एकदमच बोललो. मग त्यानं ती घेतली, टेबलावर ठेवली, तळहातानं दाबून पाहिली, कानाशी नेऊन हलवली, टाक्यांवरून बोट फिरवलं. "कळेल," म्हणाला. "बाबा कसे भरायचे ते माझ्या हाताला आहे ठाऊक."

निघताना मालकीणबाईंनी दारात जाऊला विचारलं, "तुम्ही कोण?" ती म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं मान आहे म्हणून."

पुढच्या खोलीत आत्ता कात्री चालतेय. दिवा लावलाय. पहिल्या चार जोड्या न्यायला यजमान मंगळवारी येतो म्हणालेत.